पट्टी लावलेली कॅसेट

राजकन्या रडायला लागली तेव्हा मी लेकीला म्हणाले, "हे चुकलंय. ही रडत नाही."

टीव्हीवरची नजर न काढता सई म्हणाली, "आई, समोर रडायलीय की. दिसत न्हाई व्हय तुला?"

रडत होतीच. काचेच्या उंच डोंगराच्या टोकावर बसून, निळ्या झग्यात तोंड खुपसून, हिंदीत रडत होती. डोंगराच्या पायथ्याशी घोडेस्वारांची रांग लागली होती. एकेक घोडा काचेवर पाय टाकायचा, निम्म्यापर्यंत यायचा आणि घसरून खाली जायचा, आणि दर घोड्यागणिक तिचा हुंदका वाढत होता. हा पिक्चर मी लहानपणी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. तिसरा घोडा कुठं ठेचकाळतो, गुहेतलं घुबड मान कधी फिरवतं, सगळं तोंडपाठ. पण तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं असणार, चित्र तर तेच होतं. पण आमच्या आक्कानं सांगितलं होतं की ती हसायलीय. घसरणाऱ्या घोड्यांना हसून हसून पोट दुखायला लागलं, म्हणून तिनं झग्यात तोंड खुपसलंय. आक्का सांगेल ते खरं, याबद्दल आठव्या वर्षी मला कसलीही शंका नव्हती.

रविवारची दुपार होती. जुने कार्टून पिक्चर हल्ली धुऊनपुसून, हिंदीत करून पुन्हा दाखवतात, त्यातला हा एक. रंग इतके झळझळीत की डोळ्यांना टोचावेत. आमच्या कॅसेटवर तो निळा झगा राखाडी दिसायचा, आणि पडद्याच्या खालच्या कडेला कायम एक पांढरी रेघ थरथरत असायची. ती रेघ म्हणजे त्या राज्यातली नदी आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. नव्या पिक्चरमध्ये नदीच नव्हती. मला उगीचच फसवल्यासारखं झालं.

आक्का म्हणजे माझी चुलत बहीण, आण्णांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आण्णा माझे थोरले काका. कोल्हापुरात मंगळवार पेठेत खाली त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आणि वर आमचं सगळ्यांचं घर. तिकडं कागल, इकडं आजरा, कुठलंही लग्न असो, आण्णांचा कॅमेरा खांद्यावर आणि बोटात तांब्याची जाड अंगठी. परत आले की त्यांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत हमखास अक्षता सापडायच्या, आणि मी त्या वेचून चिमण्यांना घालायचे. आमच्या दारातल्या चिमण्या बारा महिने लग्नाचं जेवत होत्या म्हणायला हरकत नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीला आम्ही मिक्सिंगची खोली म्हणायचो. दोन व्हीसीआर, एक टीव्ही, एक माइक आणि भिंतभर फळ्यांवर कॅसेटी. व्हीसीआरचं हेड पुसायच्या स्पिरिटचा वास, तापलेल्या प्लास्टिकचा वास आणि डांबराच्या गोळ्यांचा वास, असे तीन वास तिथं एकत्र नांदायचे. आजही इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की मला दवाखाना आठवत नाही, ती खोली आठवते.

त्या खोलीचा एक नियम होता, आणि तो घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. कॅसेटच्या कडेला एक बारीक चौकोनी भोक असतं. भोक उघडं असलं की त्या कॅसेटवर नवीन काही उमटत नाही. भोकावर चिकटपट्टी लावली की उमटतं. म्हणून भोक उघडं म्हणजे ठेवणीतली कॅसेट, हात लावायचा नाही. पट्टी असली म्हणजे मोकळी, तिच्यावर खुशाल दुसऱ्याचं लग्न घ्या. आण्णा मात्र पट्टीवरही विश्वास ठेवणारे नव्हते. कुठलीही कॅसेट वापरायच्या आधी ते ती लावून, कानाला हेडफोन अडकवून, जिथून घ्यायचं तिथलं स्वतः बघायचे. म्हणायचे, "एकाचं लगीन पुसून दुसऱ्याचं घेटलं तर दोन्हीकडचं पावणं मारत्यात."

काचेच्या डोंगराची कॅसेट त्यांना परदेशातून आलेल्या कुणा पाहुण्यानं भेट दिली होती. पिक्चर इंग्रजी, त्यात कार्टून. आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आक्काला तर अजिबात नाही. दहावीला इंग्रजीनंच तिचा घाम काढला होता. त्यामुळं कॅसेट फळीवर पडून राहिली, आणि पडून राहिली म्हणून आमच्या वाट्याला आली.

आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात ती थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत. ते चार महिने आण्णा चिडचिडे असायचे आणि व्हीसीआर रिकामे. बाहेर पावसाची झड, आत ओल. कॅसेटींना बुरशी धरू नये म्हणून आक्का त्या खाली काढायची, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बल्बच्या उजेडात मांडायची, आणि तेवढ्या वेळात आम्ही पिक्चर लावायचो. इंग्रजी बोलणं मध्ये लुडबुड करतं म्हणून आवाज पार बारीक करायचा. मग आक्का पाय पोटाशी घेऊन बसायची आणि सांगायला लागायची.

"आलं बघ पयलं स्थळ. गडहिंग्लजचं दिसतंय. घोडं सोताचं न्हाई, मागून आणलंय."

घोडं घसरायचं.

"गेलं. आता दुसरं. ह्यो बागायतदार हाय, दोन विहिरी हायत. पर मिशीला एवढं तूप लावून कोन येतंय? त्या तुपावरनंच घसरणार बघ."

तोही घसरायचा. मी हसून लोळायचे. राजकन्येच्या हातात एक चांदीची घंटा होती. ती घंटा ती मदतीसाठी वाजवते हे मला आत्ता, या वयात, हिंदीतून कळलं. आक्काच्या गोष्टीत ती घंटा वाजवून सांगायची, "हां, पुढचं स्थळ पाठवा." मध्ये एके ठिकाणी ती गुडघ्यावर बसून दोन्ही तळव्यांनी काच कुरवाळते, उतरायला वाट नाही म्हणून तिचा जीव कासावीस झालेला असतो. आक्का म्हणायची, "तेल लावायलीय. रोज येरवाळी उठून सगळ्या डोंगराला करडईचं तेल लावती. उगंच घोडी घसरत न्हाईत ती." गुहेत घुबड घेऊन बसलेली म्हातारी आमच्याकडं चेटकीण नव्हतीच. त्या रिटायर झालेल्या शाळेतल्या बाई होत्या, राजकन्या त्यांच्याकडं चोरून शिकायला जायची, आणि त्यांच्या मोठ्या कढईत जे हिरवं उकळायचं तो गवती चहा होता. राजा पायथ्याशी उभा असायचा, मुकुट घालून, हात मागं बांधून. त्याला आक्का महाराज म्हणायची. "महाराज मनानं लई चांगलं हायत," ती सांगायची, "पर लोक काय म्हणतील ह्याचं त्यांना भारी."

शेवट मात्र आम्ही कधी पाहिला नाही. पांढरा घोडा येतो, तो घसरत नाही, टाप टाप करत वर पोचतो, राजकन्या उठून उभी राहते, आणि तिथं आक्का बटण दाबायची.

"पुढं काय करती गं ती?" मी विचारायचे.

"शेवट अजून ठरला न्हाई," आक्का म्हणायची. "ठरला की सांगतो." आमच्याकडच्या मुली बोलतात तसंच ती बोलायची, मी सांगतो, मी जातो. तिच्या तोंडी ते फार शोभायचं.

बाहेर अंधारून आलेलं असायचं. शेजारच्या तालमीत शड्डू ठोकल्याचे आवाज यायचे, काकी, आक्काची आई, वरून हाक मारायची. कॅसेट बाहेर येताना व्हीसीआर म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा. दिवाळी झाली की वाऱ्याबरोबर कुठून तरी गुऱ्हाळाचा गोड, करपट वास यायचा आणि कळायचं की आता लग्नं सुरू होणार, खोली आपली राहणार नाही. मला तो वास तेव्हापासून आवडत नाही. कोल्हापुरात राहून गुळाचा वास न आवडणारी मी एकटीच असेन.

त्या वर्षी दसऱ्यापासूनच आक्काला बघायला माणसं येऊ लागली. आक्का चौदावीला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. वक्तृत्वाच्या ढाली आणायची, कॉलेजच्या गॅदरिंगला निवेदन करायची. आण्णांना त्याचं कौतुक होतं, नाही असं नाही. येणाऱ्या पाहुण्यांना ते स्वतः त्या ढाली दाखवायचे. पाहुणे ढाली बघायचे आणि पोहे खायचे.

आण्णांकडून ती एक गोष्ट शिकली होती. लग्नाच्या शूटिंगमधला गोंगाट काढून त्यावर सनई घालायची असली की चित्र तसंच ठेवून नुसता आवाज बदलता येतो. आण्णा कागलला एका डोहाळजेवणाला गेले होते त्या दुपारी आक्कानं काचेच्या डोंगराची कॅसेट काढली, भोकावर चिकटपट्टी लावली आणि माइक हातात घेतला. अख्ख्या पिक्चरवर तिनं आपली गोष्ट बोलून घेतली. घोड्यांच्या टापा मी वाजवल्या, दोन करवंट्या फरशीवर आपटून. मध्येच मला खोकला आला तर ती माइकमध्येच म्हणाली, "घोड्याला पडसं झालंय." इतकी मजा मला पुढं आयुष्यात फार वेळा आलेली नाही.

पांढरा घोडा वर पोचला तेव्हा तिनं मशीन थांबवलं. मला म्हणाली, "आता तू जिन्यावर जाऊन बस. शेवट मी एकटीच करतो. तो पयल्यांदा आण्णांनी ऐकायचा."

"का?"

तिनं माइकची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "त्यांच्या तोंडावर बोलाय मला जमत न्हाई. ह्येच्यात बोलाय जमतंय."

मी जिन्यावर बसले. दाराआडून तिचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. दहा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा मात्र परीक्षेचा पेपर बरा गेल्यासारखा. कॅसेट माझ्या हातात देऊन म्हणाली, "पट्टी काढून टाक आनि फळीवर ठेव. न्हाईतर कोन तर ह्येच्यावर लगीन घेईल. ऐतवारी आण्णांना लावून दाखवतो."

मी पट्टी काढायला बसले. नखानं टोक उचलेना. आक्कानं ती चांगली दाबून बसवली होती. वर काकी लाडू वळत होती आणि त्याचा तुपाचा वास जिन्यावरून खाली येत होता. उद्या काढू म्हटलं, कॅसेट फळीवर ठेवली आणि लाडू खायला गेले. तो उद्या आला नाही.

रविवारच्या आत, गुरुवारीच आजऱ्याची माणसं आली. बघायला म्हणून आली आणि त्याच बैठकीत साखरपुडा उरकून गेली. आमच्याकडं तशी पद्धतच आहे, मुलगी पसंत पडली की कुंकू लावून मोकळे, पुन्हा हेलपाटा कशाला. बायकांची पळापळ, कुणी नारळ आणायला गेलं, कुणी साडी. आण्णा खाली जाऊन कॅमेरा घेऊन आले. एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा, त्याचं शूटिंग दुसरं कोण करणार.

पुढच्या रविवारी पाहुणेरावळे जमले आणि आण्णांनी कॅसेट लावली. ते पाणी प्यायला उठले तेवढ्यात कुणीतरी ती जास्तच मागं नेली. पडद्यावर काचेचा डोंगर आला आणि खोलीत आक्काचा आवाज घुमला. "आलं बघ पयलं स्थळ." सगळे पोट धरून हसले. आजऱ्याहून आलेल्या, नवऱ्या मुलाच्या मामीसुद्धा हसल्या. आण्णा हातात तांब्या घेऊन दारात उभे होते. पांढरा घोडा वर पोचला. आक्काचा आवाज म्हणाला, "मग राजकन्या उठली, तिनं खाली महाराजांकडं बघितलं, आनि..." पडदा थरथरला, खरखरला, आणि सनई सुरू झाली. डोंगराच्या जागी पाटावर आक्का बसली होती. डोक्यावरून पदर, मान खाली.

"घ्या. राजकन्येला न्यायाला आजऱ्याचा राजा आला की," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

आक्काही हसली. मग चहा टाकतो म्हणून उठली. मी तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले. ती पातेल्यात पाणी मोजून घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पट्टी काढली न्हाईस व्हय?"

मी मान हलवली.

"असू दे," ती म्हणाली. "कप घे बघू खाली."

ती मला कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आजऱ्याला तिच्या सासरी काजूचा कारखाना होता. दरवर्षी ती काजूचा डबा धाडायची, सगळे अख्खे, एकही पाकळी नाही. काजूच्या टरफलात एक तेल असतं, ते हाताला लागलं की कातडं काळं पडतं आणि सोलतं. बायका हाताला राख नाहीतर एरंडेल लावून बसतात, तरी ते लागतंच. माहेरी आली की आक्काची बोटं मी बघायचे आणि ती हात पदरात घ्यायची. एकदा मी, कॉलेजला जायला लागले होते तेव्हा, धीर करून विचारलं, "आक्का, त्या पिक्चरचा शेवट तू काय केलावतास गं?"

"कसला पिक्चर?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "त्यो व्हय. आठवत न्हाई बाई. ल्हानपनीचा खेळ त्यो." आणि मला विचारायला लागली की माझं कितवं वर्ष, अजून किती राहिली. तीन वर्षांनी तिनं हाच प्रश्न विचारला तेव्हा मी नोकरीला लागले होते. ती म्हणाली, "झालं व्हय शिक्षण? बरं झालं." तिचा आवाज तोवर बसका झाला होता. गोष्ट सांगणारा तो आवाज मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही, तिच्या स्वतःच्या पोरांनाही ती गोष्टी सांगायची नाही.

आक्का जाऊन चार वर्षं झाली. कशानं गेली ते लिहीत बसत नाही, लिहून ती परत येणार नाही. आजऱ्याला पोचलो तेव्हा तिचे हात कुणीतरी खोबरेल लावून पुसून स्वच्छ केले होते, आणि मला ते बघवलं नाही.

तर त्या रविवारी सईबरोबर मी पिक्चरचा शेवट पहिल्यांदा बघितला. पांढरा घोडा वर पोचतो. राजकन्या उठते, राजपुत्राच्या गळ्यात पडते, तो तिला उचलून घोड्यावर बसवतो. घंटा वाजतात, फुलं पडतात, पायथ्याशी राजा डोळे पुसतो. संपलं. सईनं टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. राहून राहून वाटत होतं, आक्कानं हा शेवट केलेला नाही. या चित्रांवर ती दुसरंच काहीतरी बोलली होती. गळ्यात पडण्यावर, उचलून नेण्यावर, फुलांवर. ते काय होतं हे कळायला जगात आता काही मार्ग उरला नव्हता, आणि तो मी बुजवला होता, एक लाडू खायला म्हणून.

मंगळवार पेठेत गेले. खालच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकायला असतात. आण्णा वर एकटेच, ऐंशी ओलांडलेले, कानात मशीन. कॅसेटी लोखंडी ट्रंकेत होत्या. ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा तो वास आला, आणि मी जरा वेळ तिथंच फरशीवर बसून राहिले. आमची कॅसेट तळाशी निघाली. पट्टी अजून होती, चहासारखी तपकिरी झालेली.

राजारामपुरीत एक जण जुन्या कॅसेटी साफ करून पेनड्राइव्हवर घालून देतो. त्यानं बुरशी बघून नाक मुरडलं. "काय हाय ह्यात? लगीन?"

"साखरपुडा," मी म्हणाले.

"कुनाचा?"

"बहिणीचा."

त्यानं पावती फाडून दिली. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन मी थेट आण्णांकडं गेले आणि त्यांच्या टीव्हीला लावला. एकटीनं ऐकायचा मला धीर नव्हता, खरं सांगायचं तर.

रंग राखाडी. खाली थरथरणारी रेघ, माझी नदी. आणि आक्का. एकोणीस वर्षांची, खणखणीत, हसू दाबत बोलणारी. "घोडं सोताचं न्हाई, मागून आणलंय." माझ्या करवंट्या. माझा खोकला. घोड्याला पडसं. मी तोंडावर पदर धरला. आण्णा खुर्चीत पुढं सरकून, मशीनचा कान पडद्याकडं करून ऐकत होते. त्यांचा चेहरा काहीच सांगत नव्हता.

"मग राजकन्या उठली, तिनं खाली महाराजांकडं बघितलं, आनि..."

खरखर. सनई. पाटावर आक्का.

तीस वर्षं जे सांगितलं नव्हतं ते मी तेव्हा सांगितलं. "आण्णा, ती पट्टी मी काढाय पायजे हुती. आक्कानं मला सांगितलंवतं. मी न्हाई काढली. शेवटाला तिनं तुमच्यासाठी बोलून ठेवलंवतं, ते माझ्यामुळं पुसलं."

आण्णा पडद्याकडं बघत राहिले. त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ते म्हणाले, "पट्टी असली म्हनून काय झालं? मी कवा न बघता घेटलंय का कॅसेटीवर?"

मला कळायला वेळ लागला.

"बघितलंवतं मी," आण्णा म्हणाले. "ऐकलंवतं बी. वर कुंकवाची तयारी चाललीवती, आनि मी हितं खाली कानाला लावून हुबा."

"काय म्हणाली ती?"

त्यांनी तांब्याची अंगठी बोटात फिरवली. आता ती सैल झाली आहे, दोरा गुंडाळून घालतात. "सगळ्या पिक्चरभर त्या राजाला महाराज म्हनतीया, ऐकलीस न्हवं? शेवटाला आण्णा म्हनली." मग ते पुढं बोलले, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "आण्णा, मला एवढ्यात हितनं उतरवू नगासा. पंधरावी हू द्या. मग मी माझी चालत खाली येतो. घोडं नगं मला."

सनई चालू होती.

"कपाटात कोरी कॅसेट हुती की," आण्णा म्हणाले. "दोन हुत्या. मी हीच घेटली. म्हटलं, ह्येच्यावर दुसरं घेटलं की न्हाईसं हुईल."

इतकी वर्षं मी जो दगड छातीवर घेऊन फिरत होते तो असा एका वाक्यात खाली उतरला. हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला आण्णांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्या मनगटावरच्या त्या सुटलेल्या कातड्याकडं बघून रडूही आलं. आक्कानं त्या दिवशी स्वयंपाकघरात फक्त मलाच विचारलं होतं. बाहेर हातात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तिनं काही विचारलं नाही. तिला त्यांची कॅसेट तपासायची सवय माझ्याहून जास्त ठाऊक होती.

पडद्यावर कुणी कुंकू लावलं, कुणी ओटी भरली. कॅमेरा आण्णांच्या खांद्यावर, त्यामुळं त्या सगळ्या शूटिंगमध्ये आण्णा कुठंच नाहीत. फक्त एकदा आहेत. आक्काची मान फारच खाली गेली आहे, चेहरा दिसत नाही, तेव्हा पडद्याच्या कडेनं एक हात आत येतो. बोटात तांब्याची अंगठी. तो हात तिच्या हनुवटीखाली जातो, आणि हळूच, फार मायेनं, तिचा चेहरा वर करतो. आक्का सरळ कॅमेऱ्यात बघते. तिचे ओठ हलतात. सनईखाली काही ऐकू येत नाही, पण शब्द एकच आहे, शेवटाला महाराजांच्या जागी आलेला, आणि आता मला तो वाचता आला.

आण्णांनीही वाचला असावा. तोच हात रिमोटवर होता, आणि किती चाचपडला तरी त्याला बंद करायचं बटण सापडत नव्हतं.